आधीचा आकडा

गोंदिया जिल्ह्यात दोन मोजण्या गेली काही वर्षे नेमाने चालतात आणि त्यांची एकमेकींशी गाठ क्वचितच पडते. पहिली पावसाळ्याच्या तोंडावरची. उजाडण्याच्या सुमारास स्वयंसेवक, शेतकरी आणि वनकर्मचारी तलावांच्या पाळीवर, धानाच्या बांध्यांलगत ठरलेल्या जागी उभे राहतात आणि दिसलेला प्रत्येक सारस नोंदवतात. गोंदियातील ‘सेवा’ या संस्थेच्या पुढाकाराने ही गणना रुजली. दुसरी मोजणी बारमाही आहे. आरोग्य केंद्रात किंवा आश्रमशाळेत बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब द्रावणात सोडतात. द्रावण गढूळ झाले तर सिकलसेलचा संशय येतो आणि नमुना पुढच्या तपासणीला जातो. पहिलीचे कागद वनखात्याकडे जातात, दुसरीचे आरोग्य खात्याकडे.

रीत मात्र दोन्हींची एकच आहे. सजीवाच्या देहात किंवा त्याच्या परिसरात मोजता येईल अशी एखादी खूण निवडायची, ती पुन्हा पुन्हा मोजायची, ती घसरते आहे का ते पाहायचे आणि घसरत असेल तर कारण शोधायचे. हा शोध घेणाऱ्या अनेक विद्याशाखा गेल्या दीडशे वर्षांत आपापल्या वाटेने वाढल्या. त्यांना एकत्र वाचण्याचा प्रयत्न म्हणजे हे पुस्तक.

वैद्यकात अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८७ मध्ये या खुणांची जी तीन गटांत विभागणी केली, ती आजही उपयोगी पडते. काही खुणा संपर्क सांगतात : रक्तातले शिसे पाहिले की त्या माणसाच्या शरीरात शिसे शिरले आहे हे कळते. काही परिणाम सांगतात : रक्तातले क्रिएटिनिन चढले की मूत्रपिंडाचे काम बिघडल्याचा संशय येतो. काही प्रवणता सांगतात : विशिष्ट जनुक असलेल्या माणसाला विशिष्ट आजाराचा धोका जास्त. पर्यावरणाच्या अभ्यासकांनी हीच कल्पना देहाबाहेर नेली. त्यांच्या दृष्टीने एखादी प्रजातीच त्या परिसराची खूण ठरते.

किंबहुना ती वाट आधीची आहे. फिनलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये नोंदवले की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जी दगडफुले तग धरून आहेत ती शहराच्या इतर भागांतून नाहीशी झाली आहेत, आणि याचे कारण हवा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी नदीतले जीवजंतू पाहून पाणी किती घाण झाले आहे हे ठरवण्याची पद्धत बसवली. परंतु खुणांच्या शास्त्राला खरी धार आली ती १९६७ मध्ये. ब्रिटनचे डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याच्या जुन्या अंड्यांची कवचे तोलली आणि मापली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कवचे एकदम पातळ झालेली दिसली; फरक सुमारे एक पंचमांश होता. डीडीटी या कीटकनाशकाचा वापर त्याच सुमारास वाढला होता. आईच्या वजनानेच अंडी फुटत होती.

या शोधाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. रॅटक्लिफ यांना डीडीटीच्या आधीची अंडी मिळाली ती छांदिष्ट संग्राहकांच्या कपाटांतून. त्यांच्या छंदाने पक्ष्यांचे नुकसानच केले होते. पण प्रत्येक अंड्यावर तारीख आणि ठिकाण लिहिलेले होते, म्हणून तुलना शक्य झाली. घट सिद्ध करायला दोन आकडे लागतात. नंतरचा आकडा आज जाऊन आणता येतो. आधीचा आणता येत नाही. या सगळ्या क्षेत्राची अडचण इथे आहे आणि या पुस्तकाचा मुख्य धागाही हाच आहे.

उतरता आलेख म्हणजे वाईट बातमी असेही नाही. अमेरिकेत १९७६ ते १९८० च्या सर्वेक्षणात लोकांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे आढळले होते. १९८८ ते १९९१ मध्ये ते २.८ वर आले. मधल्या काळात पेट्रोलमधले शिसे कमी केले गेले होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. सार्वजनिक आरोग्यातल्या मोठ्या यशांपैकी हे एक, आणि ते दिसले एका घसरत्या रेषेत.

दवाखान्यातल्या परंपरेचा प्रश्न वेगळा आहे. तिथे डॉक्टरला रुग्ण बरा होतो आहे की नाही हे लवकर कळायला हवे असते, म्हणून तो खुणेकडे पाहतो. एचआयव्हीच्या उपचारात विषाणूचे रक्तातले प्रमाण उतरले की औषध लागू पडले असे समजतात, आणि ते बहुतांशी खरे ठरले आहे. पण हा भरवसा आंधळा असू नये, हे हृदयरोगाच्या एका चाचणीने शिकवले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांचे ठोके अनियमित पडत, त्यांना ते ठोके दाबणारी औषधे देण्यात आली. ठोक्यांची अनियमितता घटली. पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले, आणि १९८९ मध्ये त्या औषधांची चाचणी थांबवावी लागली. खूण सुधारली, माणूस गेला. तेव्हापासून ‘ही खूण कशाच्या बदल्यात पाहिली जात आहे’ हा प्रश्न औषधशास्त्रात टाळता येत नाही.

गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात हा प्रश्न सिकलसेलच्या निमित्ताने रोज पडतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. बाळ जन्मते तेव्हा मात्र ते ठणठणीत दिसते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते आणि ते पेशींना वाकू देत नाही. पहिल्या काही महिन्यांत ते कमी होत जाते आणि त्याबरोबर दुखणे डोके वर काढते. ही घट निसर्गक्रमानेच होणारी. निरोगी बाळात तिचे काहीच बिघडत नाही, सिकलसेलच्या बाळात तीच घातक ठरते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध या गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण पुन्हा वाढवते. भारतातल्या अनेक रुग्णांत ते मुळातच काहीसे जास्त टिकून राहते, हेही अभ्यासांत दिसले आहे.

इथेही आधीचा आकडा लागतो. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन एरवीही कमी असते. कुणाचे आठ ग्रॅम ही त्याची नेहमीची पातळी. ते सहावर आले तर धावपळ करायला हवी. पण नेहमीची पातळी कुठे लिहिलेलीच नसेल, तर रात्रपाळीच्या डॉक्टरला आठ काय आणि सहा काय, दोन्ही आकडे नुसते ‘कमी’ दिसतात. रुग्णाच्या कार्डावरची ती एक ओळ म्हणूनच औषधाइतकी मोलाची असते.

एका रुग्णाकडून सगळ्या लोकसंख्येकडे वळले की पद्धतीचा पेच सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात रक्तक्षयाची मोजणी १९९८-९९ पासून होते. चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, पाच वर्षांखालील ५८.६ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तो ६७.१ टक्के निघाला. सरळ वाचले तर मुलांच्या रक्ताची मोठी घसरण. परंतु २०१६-१८ मध्येच झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात लहान मुलांतले प्रमाण सुमारे ४१ टक्के होते. पहिल्याने बोटातून थेंब घेऊन हातातल्या यंत्रावर मोजले होते, दुसऱ्याने शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत. बोट दाबून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचे पाणी मिसळले तर आकडा खाली येतो. या वादातून पुढे रक्तक्षयाची मोजणी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून काढून आहार आणि बायोमार्करच्या स्वतंत्र सर्वेक्षणाकडे सोपवण्याचे ठरले. निर्णय शास्त्रीयदृष्ट्या योग्य असेलही. पण पद्धत बदलली की जुनी मालिका तुटते, ही किंमत मोजावीच लागते.

पुरुषांच्या शुक्राणुसंख्येवरचा वादही याच जातीचा. हागाई लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ या काळात शुक्राणूंचे प्रमाण ५२ टक्क्यांनी घटल्याचे मांडले. जगभर मथळे झाले. टीकाकारांचे म्हणणे असे की चाळीस वर्षांत मोजण्याची रीत बदलली, तपासणीला येणारे पुरुष बदलले, आणि आफ्रिका-आशियातली जुनी माहिती फारच तोकडी आहे. वाद मिटलेला नाही, आणि तो प्रामाणिकपणे समजून घेण्यासारखा आहे.

विषशास्त्र आणि पर्यावरण जिथे भेटतात तिथली सर्वांत बोधप्रद कथा भारतीय उपखंडातली आहे. पांढऱ्या पाठीची गिधाडे एकेकाळी इतकी होती की त्यांची मोजणी करावी असे फारसे कुणाला वाटले नव्हते. सुदैवाने १९९० च्या दशकाच्या आरंभी शिकारी पक्ष्यांच्या पाहणीत रस्तोरस्ती हिंडून त्यांच्या नोंदी झाल्या होत्या. पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी भरतपूरला गिधाडे माना टाकून मरताना पाहिली. जुन्या मार्गांवर पुन्हा मोजणी झाली आणि १९९२ ते २००७ या काळात या जातीची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे निष्पन्न झाले. आधी विषाणूचा संशय होता. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मृत गिधाडांची मूत्रपिंडे तपासली. ज्या २५ पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन आतल्या अवयवांवर यूरिक ॲसिडचा थर बसला होता, त्या सर्व २५ मध्ये डायक्लोफेनॅक सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. गुराला दिलेले वेदनाशामक त्याच्या मढ्यातून गिधाडापर्यंत पोहोचत होते. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली.

पक्ष्यांची संख्या, मूत्रपिंडातला थर, औषधाचा अंश आणि सरकारी आदेश अशी साखळी इतक्या स्पष्टपणे क्वचितच जुळते. तिचा पुढचा दुवा २०२४ मध्ये जोडला गेला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की जिथे गिधाडे भरपूर असायची त्या जिल्ह्यांत ती गेल्यानंतर माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. मढी कुजत राहिली, पाणी बिघडले, भटकी कुत्री वाढली. पक्ष्यांच्या वहीतली घट माणसांच्या मृत्युनोंदीत उमटली.

विदर्भापुरते याहून जवळचे उदाहरण कोलिनएस्टरेजचे. मज्जातंतूंचे संदेश वेळेवर थांबवणारे हे विकर ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके बंद पाडतात. म्हणून फवारणी करणाऱ्याच्या रक्तातली त्याची घट हा विषबाधेचा इशारा ठरतो. परंतु निरोगी माणसांतही याचे प्रमाण इतके वेगवेगळे असते की एकच एक आकडा पाहून काही ठरवता येत नाही. कॅलिफोर्नियात त्यामुळे फवारणीच्या आधी कामगाराची स्वतःची पातळी मोजून ठेवतात. ती २० टक्क्यांनी उतरली की कामाची पद्धत तपासतात, तांबड्या पेशींतली पातळी ३० टक्क्यांनी उतरली की त्याला फवारणीवरून बाजूला काढतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. मास्क, पंप, औषधांची मिसळ यांवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. हंगामाआधी मजुराच्या रक्ताची नोंद हा विषय मागेच राहिला. धानावर फवारणी गोंदियातही होते, आणि हेच विकर बांधीत चरणाऱ्या सारसाच्या मेंदूतही असते.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. सहा फुटांच्या आसपास. महाराष्ट्रात तो उरला आहे तो मुख्यतः गोंदियात आणि थोडाबहुत शेजारच्या भंडारा-चंद्रपुरात. २०२० नंतरच्या गणनांत गोंदियातली संख्या चाळिशीच्या घरातून तिशीकडे घसरत गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून याची दखल घेतली. विजेच्या तारा, कीटकनाशके, घरट्यापायी शेतातला वावर अडेल ही शेतकऱ्याची धास्ती, तलावांची बिघडलेली प्रकृती अशी कारणे पुढे आली.

पण इतक्या लहान संख्येत तीन पक्ष्यांचा फरक म्हणजे मृत्यू की स्थलांतर? वैनगंगा आणि बाघ नद्यांपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट आहे आणि सारसाला राज्याची सीमा ठाऊक नाही. म्हणून दोन्हीकडची गणना एकाच सुमारास करण्याला अर्थ आहे. शिवाय हा पक्षी दीर्घायुषी. पिल्ले जगेनाशी झाली तरी म्हाताऱ्या जोड्या वर्षानुवर्षे दिसत राहतात आणि एकूण आकडा फसवतो. घरटी किती, त्यांतली उडती पिल्ले किती, ही खूण एकूण संख्येपेक्षा आधी बोलते.

जागतिक निर्देशांक वाचतानाही असाच विवेक लागतो. लिव्हिंग प्लॅनेट अहवालाने २०२४ मध्ये १९७० ते २०२० या काळातली ७३ टक्के सरासरी घट मांडली, आणि ‘पृथ्वीवरचे तीन चतुर्थांश प्राणी संपले’ असे अनेकांनी समजून घेतले. तो अर्थ चुकीचा आहे. चाळीस पक्ष्यांचा थवा तीसवर आला आणि चारांचा एकावर, तर एकूण पक्षी सुमारे ३० टक्क्यांनी घटले. दोन थव्यांच्या घटीची साधी सरासरी मात्र ५० टक्के भरते. निर्देशांकाचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे, परंतु गफलत याच ठिकाणी होते. भारतातल्या पक्ष्यांवरचा २०२३ चा राष्ट्रीय अहवाल या बाबतीत सावध आहे : ९४२ जातींची दखल घेऊनही दीर्घकालीन कल सांगण्याइतकी माहिती फक्त ३३८ जातींची आहे, असे तो स्पष्ट सांगतो. त्यांतल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत.

कल ठरवताना सुरुवात कुठून धरायची? मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणचा समुद्र हाच मूळचा समुद्र मानते, आणि त्यामुळे घट हप्त्याहप्त्याने विसरली जाते. गोंदियाला हे तलावांच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या, त्यांवर पोसलेला धान, ढिवरांची मासेमारी ही इथली जुनी घडी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, देखभालीची जुनी व्यवस्था विस्कटली. पुढे रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्यावर भर आला. पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या, काठावर बेशरम माजली. कोणता देशी मासा कोणत्या तलावातून कधी गेला, याची लेखी मालिका सरकारी दप्तरात शोधणे कठीण. ती ढिवरांच्या आठवणीत असते. मनीष राजनकर आणि ‘फीड’ या संस्थेने मच्छीमारांच्या सोबतीने तलावांत देशी वनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले, तेव्हा आधाराला घेतले ते हेच ज्ञान. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवारांच्या सहवासात मारुती चितमपल्लींनी जे टिपले तेही ललित लेखन म्हणून वाचले जाते. अभ्यासकाच्या दृष्टीने ती एका काळाची नोंद आहे.

सरकारी दप्तराची स्वतःची अडचण आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि १९५६ पर्यंत भंडाराच मध्य प्रदेशात होता. म्हणजे ‘गोंदिया जिल्हा’ या नावाची कोणतीही मालिका १९९९ च्या मागे जात नाही. मागे जायचे तर तालुकावार आकडे वेगळे काढावे लागतात.

हे सगळे आताच मांडण्याची निकड आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांची सिकलसेल तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन असे उद्दिष्ट ठेवले आहे. सांडपाण्यातून विषाणू हुडकणे कोविडकाळात रूढ झाले. तलावाच्या पाण्यातल्या डीएनएवरून मासे ओळखता येऊ लागले. साधने स्वस्त होत आहेत, मोजणाऱ्यांची संख्या वाढते आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करायला सांगितले. आकड्यांचा तुटवडा कमी होईल. तुलनेला योग्य आकड्यांचा तुटवडा आपोआप कमी होणार नाही.

या संग्रहातले लेखन डॉक्टर, पक्षी-अभ्यासक, संख्याशास्त्राचे शिक्षक आणि तलावावर काम करणारे कार्यकर्ते अशा वेगवेगळ्या वाचकांना समोर ठेवून योजले आहे. प्रत्येक दावा तीन प्रश्नांवर घासून पाहायचा, एवढीच शिस्त सर्वत्र पाळली आहे : आधीचा आकडा कोणता, तो कोणत्या पद्धतीने मोजला, आणि ही खूण नेमकी कशाच्या बदल्यात पाहिली जात आहे. त्यामुळे काही गाजलेल्या घटी इथे लहान दिसतील आणि काही दुर्लक्षित घटी मोठ्या. उपाययोजनांची यादी या पुस्तकात नाही. खुणेपासून कारणापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी अपुरा राहिला आहे हेही लपवलेले नाही.

वाचकाकडे एकच मागणे आहे. मच्छीमार संस्थेच्या जुन्या मासळीच्या वह्या, शाळेच्या निसर्गमंडळाच्या पक्ष्यांच्या याद्या, खाजगी दवाखान्यातली पंधरा-वीस वर्षांपूर्वीची रक्ततपासणीची रजिस्टरे, पाटबंधारे शाखेतले पाणीपातळीचे तक्ते हे रद्दीत जाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून जवळच्या महाविद्यालयाच्या विज्ञान विभागाकडे द्यावीत. रुग्णांची नावे झाकावीत. तारीख, ठिकाण आणि मोजण्याची रीत मात्र वगळू नये.